फर्मवेअर लिहितो, ॲनिमेशन काढतो. दोन्ही मिळून एक काम होतं का?

अर्धवट_आराखडा

नमस्कार. इंजिनिअरिंग करून कलेच्या बाजूला सरकलेले, किंवा दोन्ही डगरींवर पाय ठेवून बरीच वर्षं तग धरलेले लोक इथे आहेत, म्हणून विचारतोय.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा. पदवी झाल्यापासून पंप आणि पंख्यांच्या मोटर कंट्रोलचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतच बसणारा प्रोग्राम, लिहितो. करंट लूप, स्पीड लूप (म्हणजे करंट आणि वेग सतत मोजून दुरुस्त करत राहणं), मोटर अडकली तर किती वेळात ओळखायचं, फॉल्ट आला तर काय बंद करायचं, हे रोजचं. काम कंटाळवाणं नाही. नवा बोर्ड हातात आला आणि मोटर न थरथरता पहिल्यांदा फिरली की अजूनही बरं वाटतं.

पण रात्री मी ॲनिमेशन काढतो. हाताने, एकेक फ्रेम. तीन-चार सेकंदांचे तुकडे असतात. खुर्चीवरून उठणारी म्हातारी, जड पिशवी खांद्यावर टाकणारा माणूस, उडायच्या आधी दबकणारा पक्षी. गोष्ट वगैरे नसते. मला हालचालीतच रस आहे. वजन कुठे आहे, कुठे अडतं, कुठून सुटतं.

गोची अशी की दोन्हीकडे मी अर्धाच धरला जातो. ऑफिसात 'आपला चित्रकार' आणि ॲनिमेशनवाल्या मित्रांत 'तो नोकरीवाला'. मध्यंतरी एका मुलाखतीत कामाबरोबर हे तुकडेही दाखवले, तर समोरच्याने विचारलं, "म्हणजे तुम्हाला नक्की व्हायचंय काय?" मला धड उत्तर देता आलं नाही.

नोकरी सोडून डिझाइनमध्ये मास्टर्स करावं का? की एखाद्या ॲनिमेशन स्टुडिओत टेक्निकल कामासाठी अर्ज टाकावा? की दिवसा हे, रात्री ते, असंच चालू द्यावं? घरचे म्हणतात छंद म्हणून ठेव. ज्यांनी खरंच करून पाहिलंय त्यांनी सांगा. 'मनाचं ऐक' छापाचे सल्ले भरपूर जमलेत.

कठडा

मग मी उलट बाजूने सांगतो. वेगळंच ठेवा.

मी पुलांची डिझाइनं तपासतो आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवतो. दोन्ही एकत्र करायचा मोह मलाही झाला होता. ध्वनिशास्त्राकडे वळावं, सभागृहांचं काम करावं, असं. केलं नाही याचं वाईट वाटत नाही. पुलाच्या कामात माझ्या आवडीनिवडीला कोणी विचारत नाही आणि व्हायोलिनपाशी मला कोणाच्या तारखा पाळाव्या लागत नाहीत. ज्या दिवशी कलेवर घरभाडं अवलंबून राहतं, त्या दिवसापासून गिऱ्हाइकाची चव ही तुमची चव व्हायला लागते. ओळखीत दोन-तीन जणांचं झालेलं पाहिलंय.

रशियन संगीतकार बोरोदिन व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ होता. अल्डिहाइडांवरचं त्याचं काम रसायनशास्त्रात आजही मोजलं जातं. संगीत तो सुट्टीत, आजारपणात, वेळ मिळेल तसं लिहायचा. त्याने दोन्हींची खिचडी केली नाही आणि दोन्हीकडे नाव राहिलं.

चांगला पगार आणि मोकळी संध्याकाळ, ही जोडी वाटते तितकी स्वस्त नाही. सोडण्याआधी तिची किंमत करा.

विंगेतली_बाई

कठडा, बोरोदिनची पुढची ओळ गाळलीत की. 'प्रिन्स इगोर' त्याने १८६९ मध्ये हातात घेतला आणि १८८७ मध्ये तो गेला तेव्हाही ऑपेरा अपुराच होता. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांनी मागाहून पुरा केला. असे मित्र सगळ्यांना कुठले मिळायला.

आराखडा, अरेतुरे करतेय, चालवून घे. मी मेकॅनिकलची. सुरुवात पॅकेजिंगच्या मशीनवर झाली. आता रंगमंचावरच्या हलत्या गोष्टी करते. सरकत्या भिंती, फिरता रंगमंच, वर-खाली होणारे प्लॅटफॉर्म, आणि वेळ पडली तर दिव्यांचं कंट्रोलही. प्रेक्षकांना मी दिसले, तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

तुझं पत्र वाचताना मला एक गोष्ट खटकली. तू दोन वेगळ्या गोष्टी करतोस असं तू धरूनच चाललायस. एक कर. तुझ्या मोटरचा वेग आणि वेळ यांचा आलेख काढ. शेजारी त्या म्हातारीच्या उठण्यातलं फ्रेमांमधलं अंतर मांड, कुठे रेघा दाट आहेत आणि कुठे विरळ. मोटरला साधा ट्रॅपेझॉइडल प्रोफाइल दिला की वेग सरळ चढतो, सपाट राहतो, सरळ उतरतो. त्या कोपऱ्यांवर त्वरण एकदम बदलतं, म्हणून झटका बसतो. तो घालवायला आपण कोपरे गोल करतो आणि त्याला एस-कर्व्ह म्हणतो. ॲनिमेटर सुरुवातीला आणि शेवटी फ्रेम दाटीने काढतात, मध्ये विरळ, आणि त्याला स्लो-इन, स्लो-आउट म्हणतात. गणित तेच आहे. फरक एवढाच की इंजिनिअर ती रेघ मशीन टिकावं म्हणून काढतो, आणि तू ती म्हातारी खरी वाटावी म्हणून काढतोस. या दोन्ही कारणांसाठी एकाच वेळी रेघ काढू शकणारी माणसं फार कमी असतात. मी शोधत असते, म्हणून सांगते.

एक काम सविस्तर सांगते. नाटकात एक दार आपोआप उघडतं. पाठीमागे कोणी नाही. दिग्दर्शकाची मागणी एका वाक्याची: "दार भीत भीत उघडलं पाहिजे." आता हे स्पेसिफिकेशन म्हणून घ्यायचं. मी बिजागरीला गिअरमोटर लावली, छान गुळगुळीत एस-कर्व्ह दिला, आवाज काढला नाही. तालमीत ते बघून तो म्हणाला, "हे दार नाही, लिफ्ट आहे." बरोबर होतं त्याचं. गुळगुळीत म्हणजे निर्विकार. मग दोन तालमी मी नुसती बसून राहिले आणि त्या प्रवेशातली नटी दाराकडे कशी येते ते बघत राहिले. ती अर्धं पाऊल टाकायची, थांबायची, वजन मागच्या पायावर घ्यायची आणि मग यायची. तेच दाराला दिलं. थोडीशी फट, मग थांबणं, मग किंचित मागे, आणि मग सावकाश, शेवटाला वेग न वाढवता. किंचित मागे जाण्यात खरी मेख होती. तुझा पक्षी उडायच्या आधी दबकतो ना, तेच हे.

पण मागे-पुढे म्हटलं की गिअरमधली ढिलाई आडवी येते. दिशा बदलली की मोटर फिरते आणि दार क्षणभर हलतच नाही, मग धक्क्याने निघतं. त्या क्षणात भीती जाते आणि बिघाड दिसतो. म्हणून कोन मोजणारा एन्कोडर मोटरवर न ठेवता दाराच्या बिजागरीवर बसवला, आणि दाराला एका बाजूने हलकी स्प्रिंग लावून गिअरचे दात कायम एकाच अंगाला दाबलेले ठेवले. शिवाय समोर माणूस उभा आहे, तेव्हा टॉर्कवर, म्हणजे फिरवण्याच्या जोरावर, मर्यादा हवी. बोट सापडलं तर दार थांबलंच पाहिजे. आणि इमर्जन्सी स्टॉप कसा हवा हेही ठरवावं लागतं. दाबल्याबरोबर वीज तोडायची, की आधी ताब्यात ठेवून थांबवायचं आणि मग तोडायची. दार हलकं होतं, पहिला प्रकार चालला. टांगलेल्या किंवा फिरत्या जड नेपथ्याला लगेच वीज तोडणं उलट घातक ठरू शकतं.

आता यातलं इंजिनिअरिंग कुठे संपलं आणि कला कुठे सुरू झाली, सांग बघू. मला नाही सांगता येत. आणि जिथे ते सांगता येत नाही तिथेच मला पैसे मिळतात.

दिव्यांचं तर तुझ्या दारातच पडलेलं काम आहे. रंगमंचावरचे दिवे आजही डीएमएक्स ५१२ वर चालतात. १९८६ चा प्रोटोकॉल, एका केबलवर ५१२ चॅनल, प्रत्येकाला ० ते २५५ अशी किंमत. हॅलोजन होते तोवर कोणाची तक्रार नव्हती, कारण तापलेली तार निवायला वेळ घेते आणि मधल्या पायऱ्या आपसूक पुसल्या जातात. एलईडी लगेच ऐकतो. सावकाश अंधार करताना शेवटी ३ वरून २, २ वरून १, १ वरून ० अशा उड्या उघड्या डोळ्यांना दिसतात. २ वरून १ म्हणजे उजेड थेट निम्मा. प्रकाशयोजनाकार म्हणतो, "दिवा पूर्वीसारखा विझत नाही." त्याला बिट वगैरे माहीत नसतं, पण त्याचा डोळा चुकत नाही. उपाय फर्मवेअरचा आहे: एका दिव्याला दोन चॅनल देऊन १६ बिट करायचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, डोळ्याला मानवेल असा वक्र बसवायचा, आणि येणाऱ्या दोन किमतींच्या मध्ये दिव्याने स्वतःच भर घालायची. म्हणजे गरम तारेचा आळशीपणा कोडमध्ये परत आणायचा. किती आळशीपणा, हे मात्र अंधारात बसून ठरवावं लागतं. ते डेटाशीटमध्ये नसतं.

इतिहासात बघायचं तर बिली क्लूवर बघ. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतला विद्युत अभियंता. नोकरीत असतानाच १९६० मध्ये त्याने शिल्पकार तिंगेलीला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत स्वतःलाच मोडून टाकणारं यंत्र बांधायला मदत केली. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये दहा कलावंत आणि बेल लॅब्जचे तीसेक इंजिनिअर एकत्र आणून नऊ संध्याकाळचे प्रयोग केले. त्यात चित्रकार रॉशनबर्गने टेनिसचा सामना लावला होता. रॅकेटच्या दांड्यात छोटा ट्रान्समीटर, चेंडू लागला की त्याचा आवाज सभागृहभर घुमायचा आणि दर फटक्याला एकेक दिवा जायचा. पूर्ण अंधार झाला की खेळ संपला. क्लूवरचं मला आवडतं ते हे की त्याने स्वतःला कलावंत म्हणवून घेण्याची घाई केली नाही. इंजिनिअर म्हणूनच गेला, आणि कलावंताला जे हवं होतं पण मागता येत नव्हतं ते त्याने बांधून दिलं.

म्हणून माझं मत: 'दोन्ही असलेली नोकरी' अशा नावाने शोधू नकोस, त्या नावाची जाहिरात निघत नाही. कुठला कलावंत कुठल्या तांत्रिक गोष्टीपाशी अडून बसलाय, ते शोध. मुलाखतीतल्या त्या गृहस्थांना पुढच्या वेळी सांग, "मला मोटरला वळण लावायचंय." समजणारा समजेल, न समजणाऱ्याकडे नाहीतरी जायचं नाही.

मास्टर्सबद्दल: कार्यशाळा आणि सोबतीला वेडी माणसं मिळणार असतील तर जा. नुसत्या शिक्क्यासाठी नको.

मात्रा_वेलांटी

वरचा प्रतिसाद आवडला, पण रंगमंच सगळ्यांना झेपत नाही. तालमी रात्रीच असतात. घरी बसून करण्यासारखंही असलं काम असतं, त्याचा हा नमुना.

मी संगणकशास्त्राचा, सध्या फाँटचं इंजिनिअरिंग करतो. अक्षरं काढणारे वेगळे आणि ती अक्षरं पडद्यावर नीट उभी करणारा मी, अशी विभागणी. प्रत्यक्षात ती रोज मोडते.

उदाहरण देतो. पहिली वेलांटी टाइप करताना व्यंजनानंतर येते, दिसते मात्र आधी. ही उलटापालट शेपिंग इंजिन, म्हणजे पडद्यावर अक्षरं जुळवणारा प्रोग्राम, करतं, त्यात माझं फारसं काही नाही. माझा प्रश्न पुढे. वेलांटीच्या वरच्या कमानीने व्यंजनाच्या दांड्यापर्यंत पोचायला हवं. 'कि'ला एक लांबी, 'षि'ला दुसरी, आणि 'ष्ट्रि', 'क्ष्मि' अशी जोडाक्षरं आली की कमान तोकडी पडून अधांतरी लोंबते. म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या वेलांट्या काढून ठेवतात आणि पुढच्या अक्षराची रुंदी बघून योग्य ती बसवायचा नियम फाँटमध्ये लिहितात. किती वेलांट्या पुरे? अभियंत्याचं उत्तर: रुंदीच्या याद्या काढा, गट पाडा, चूक ठरावीक मर्यादेत ठेवा. अक्षर काढणारीचं उत्तर: "ही कमान ओढल्यासारखी दिसते, ही नाही." मी स्क्रिप्टने गट पाडतो, ती डोळ्याने मोडते, मी परत पाडतो. दोनदा-तीनदा फिरल्यावर जे उरतं ते दोघांपैकी कोणाला एकट्याने सुचलं नसतं.

तसंच मराठी 'ल' आणि 'श'चं. त्यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि मजकूर मराठी आहे असं सांगितलेलं असेल तर फाँट आपोआप ती वळणं आणू शकतो. ही सोय ओपनटाइप या फाँटच्या फॉरमॅटमध्ये आहे. पण ती भरायला ज्याला दोन्ही वळणांतला फरक दिसतो असा माणूस लागतो, आणि तो माणूस कोड लिहिणारा असला तर काम एका बैठकीत होतं.

या धंद्यात जवळपास सगळे जण जी फाँटटूल्स नावाची पायथन लायब्ररी वापरतात, ती जुस्ट व्हान रॉसुम याने सुरू केली, आणि तो अक्षररेखाटनकार आहे. त्याने आणि एरिक व्हान ब्लोकलांड याने १९८९ मध्ये बेओवुल्फ नावाचा टाइप केला होता. पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषेतल्या रेघ ओढण्याच्या आज्ञेतच त्यांनी फेरफार केला, त्यामुळे छापताना दर वेळी अक्षराच्या कडा वेगळ्या यायच्या. एकच 'ए' दोनदा सारखा नाही. प्रिंटर बिघडला असं वाटावं इतपत. असली खोडी काढायला भाषा येणं आणि अक्षर कळणं, दोन्ही एकाच डोक्यात लागतं.

कठडांच्या मुद्द्यात तथ्य आहे, हेही सांगतो. फाँटचं काम सुरू केल्यापासून मी स्वतःसाठी अक्षरं काढलेली नाहीत. मला ते चाललं. तुम्हाला चालेल का, ते तुम्हीच बघा.

अर्धवट_आराखडा

सगळ्यांचे आभार. ताई, वेगाचा आलेख खरंच काढला. म्हातारीचा उठण्याचा वक्र आणि आमच्या एका पंपाचा सॉफ्ट स्टार्ट (हळूहळू वेग घेणं), ओळखू येऊ नये इतके जवळचे निघाले. फक्त म्हातारी मध्ये एकदा थबकते, पंप थबकत नाही.

आता पुढचे प्रश्न. पोर्टफोलिओत काय दाखवू? माझे तुकडे मोटरशी जोडलेले नाहीत आणि ऑफिसचं फर्मवेअर बाहेर दाखवता येत नाही. दुसरं, असं काम करणाऱ्यांचं पोट कशावर चालतं? तिसरं, ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला वक्र थेट मोटरला देता येतो का, की सगळं हाताने परत लिहायचं?

विंगेतली_बाई

थबकत नाही कारण पंपाचे गुडघे दुखत नाहीत. ती थबक जपून ठेव, तुझं भांडवल तेच आहे.

आधी एक रूक्ष गोष्ट. आजच तुझं नेमणुकीचं करारपत्र काढ आणि 'शोध', 'बौद्धिक संपदा' हे शब्द असलेली कलमं वाच. बऱ्याच करारांत नोकरीच्या काळात तू जे काही बनवशील ते कंपनीचं, मग ते सुट्टीच्या दिवशी का असेना, असं लिहिलेलं असतं. विषय कंपनीच्या धंद्याच्या जवळचा असला तर जास्तच, आणि तुझा विषय मोटर आहे. तसं काही असेल तर काय बनवतोय ते एका परिच्छेदात लिहून लेखी परवानगी माग. तोंडी 'हो हो, कर की' धरू नकोस, हो म्हणणारा माणूस उद्या तिथे असेलच असं नाही. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा कंपायलर परवाना, ऑफिसचा जुना कोड, यांतलं काहीही घरी वापरायचं नाही.

पोर्टफोलिओ. तुझ्याकडे तुकडे आहेत, त्यातला एकच घे आणि तो वस्तूत उतरव. म्हातारीच घे. एक दांडी, एक बिजागरी, एक मोटर. चेहरा नको, कापड नको. नुसती दांडी बघून 'ही कोणीतरी म्हातारी उठतेय' असं वाटलं पाहिजे. ते वाटलं तर माझ्यासारखीला आणखी काही दाखवायची गरज नाही. सोबत दोन पानं जोड: काय दिसायला हवं होतं, त्याचं तू कशात रूपांतर केलंस (अंश, सेकंद, टॉर्क), कोणता पर्याय टाकून दिलास आणि का. सजवलेली पीडीएफ नको. नेपथ्यवाला व्हिडिओ बघेल, माझ्यासारखी ती दोन पानं वाचेल. दोघांचीही सोय झाली.

पोटाचं म्हणशील तर नुसत्या नाटकावर क्वचितच कोणाचं चालतं. काम हंगामी असतं, पैसे उशिरा येतात, आणि प्रयोग रद्द झाला तर तुझा दोष नसताना तुझंही बिल अडकतं. मी वर्षाचा बराचसा भाग संग्रहालयांतल्या हलत्या प्रतिकृतींवर काढते. ते काम संथ, पण पैसे वेळेवर. दिवे आणि रंगमंचाची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत तर फर्मवेअरवाल्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, आणि तिथे 'दिवा पूर्वीसारखा विझत नाही' हे वाक्य ज्याला कळतं तो पटकन वर जातो. चित्रपटातलं मोशन कंट्रोल हेही तुझ्या गावचंच. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी जॉन डायक्स्ट्राच्या चमूने डायक्स्ट्राफ्लेक्स नावाची यंत्रणा उभी केली. मोटरने चालणारा कॅमेरा, केलेली हालचाल लक्षात ठेवून तीच हालचाल हुबेहूब पुन्हा पुन्हा करणारा, म्हणजे अंतराळयानाची प्रतिकृती जागेवर आणि उडतोय तो कॅमेरा. त्यासाठी डायक्स्ट्राबरोबर इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या ॲल्व्हा मिलर आणि जेरी जेफ्रेस यांनाही ऑस्करवाल्यांनी गौरवलं. आज ती जागा रोबॉटिक कॅमेऱ्यांनी घेतली आहे, आणि ते चालवणारा माणूस अर्धा कॅमेरामन, अर्धा तू.

स्टुडिओतल्या टेक्निकल कामाचं विचारलं होतंस, ते राहिलंच. वाईट पर्याय नाही. केन पर्लिनला 'ट्रॉन' या चित्रपटाच्या कामानंतर संगणकाची चित्रं फार यांत्रिक दिसतात याचा वैताग आला. त्या वैतागातून १९८३ मध्ये त्याने नॉइजचं, म्हणजे नैसर्गिक वाटेल अशा अनियमितपणाचं, जे सूत्र काढलं, ते ढग, संगमरवर, धूर अशा कशाकशासाठी आजही वापरात आहे, आणि १९९७ मध्ये त्यालाही ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पण तिथे सगळं पडद्याच्या आत. तुला मोटर पहिल्यांदा फिरल्यावर बरं वाटतं असं तूच लिहिलंस, म्हणून मी बाहेरची कामं आधी सांगितली.

आता वक्र. हाताने लिहायची गरज नाही. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या ग्राफ एडिटरमध्ये दांडीच्या कोनाचा वक्र काढ, आणि छोट्या पायथन स्क्रिप्टने दर फ्रेमचा कोन सीएसव्हीत, म्हणजे आकड्यांच्या साध्या फाइलीत, उतरव. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर २४ आकडे मिळतील. तुझा कंट्रोल लूप सेकंदाला हजार वेळा तरी फिरत असेल, तेव्हा मधल्या जागा भराव्या लागतील. त्या सरळ रेषेने भरू नकोस, नाहीतर दर फ्रेमला वेग एकदम बदलेल आणि मोटर २४ हर्ट्झने गुरगुरेल. क्युबिक स्प्लाइन, म्हणजे सगळ्या बिंदूंमधून जाणारा गुळगुळीत वक्र, वापर. मग मोटरकडे पाठवण्याआधी पूर्ण वक्रावरून एकदा फिरून जास्तीत जास्त वेग आणि त्वरण काढ, आणि मोटरच्या मर्यादेशी ताडून बघ. मर्यादा ओलांडली तर वक्र आपोआप कापू नकोस, कारण कापलेला वक्र म्हातारीचा राहत नाही. कुठल्या फ्रेमवर ओलांडली ते दाखव आणि तिथे स्वतः परत काढ. चित्रात उभी रेघ काढली तर कोणी अडवत नाही, मोटर चालवणारा ड्राइव्ह मात्र तिथेच फॉल्ट देऊन बसेल.

सुरुवात २४ व्होल्टवर कर. आणि दांडी टेबलाला नीट आवळून घे, पहिल्या फेरीत ती उडते.